रुपयाला तीस पैसे

नानांकडे दोन पावत्या होत्या. एक पन्नास हजारांची, दुसरी ऐंशी हजारांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत हयात घालवून निवृत्त होताना हातात जे आलं, त्यातला मोठा भाग त्यांनी आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत मुदत ठेव म्हणून ठेवला. जळगाव जिल्ह्यातल्या पतसंस्था एकीमागून एक बसत गेल्या त्याला आता दीड-दोन दशकं झाली. त्या लाटेत हीही बसली. शटर अर्धं खाली, आत प्रशासक आणि पायऱ्यांवर म्हातारी माणसं. त्यातली एक आजी बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायची, "मना पैसा मनाच शेतस ना?" माझे पैसे माझेच आहेत ना, असं.

वर्षभराने एक गृहस्थ घरी आला. ठेवीची पावती विकत घेतो म्हणाला, भाव रुपयाला तीस पैसे. त्याच्या मागे त्याच संस्थेचा एक मोठा कर्जदार होता. अशा पावत्या पडत्या भावात गोळा करायच्या आणि पूर्ण किमतीला स्वतःच्या कर्जात वळत्या करून घ्यायच्या, असा तो व्यवहार. आईचं ऑपरेशन तोंडावर होतं. नानांनी पन्नास हजारांची पावती पंधरा हजारांना दिली आणि कोऱ्या कागदावर सही केली. दुसरी अजून घरातल्या पत्र्याच्या पेटीत आहे.

पुढे भारतातल्या जुन्या नोटांबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला वारंवार ही पावती आठवली. आज नोट म्हटली की ती सरकारची, रिझर्व्ह बँकेची. पण १८६२ पर्यंत आपल्याकडे नोटा काढत होत्या त्या बँका. कलकत्त्यात १७७० साली अलेक्झांडर आणि कंपनी या व्यापारी पेढीने बँक ऑफ हिंदोस्तान काढली, तिच्या नोटा कलकत्त्यात साठेक वर्षं चालल्या आणि १८३२ मध्ये पेढीबरोबर बँकही बुडाली. मग इलाख्यांच्या बँका आल्या : बंगालची १८०९ मध्ये त्या नावाने, मुंबईची १८४०, मद्रासची १८४३. सरकारचे त्यांत भाग (शेअर) होते, सरकारने नेमलेले संचालक होते, तरी बँका भागधारकांच्याच. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटांवर मुंबईच्या टाऊन हॉलचं चित्र आणि एल्फिन्स्टन व माल्कम या दोन गव्हर्नरांचे चेहरे असत. देखणी होती ती नोट. पण कायद्याने ती घेतलीच पाहिजे असं कुणावर बंधन नव्हतं. कागदावर एवढंच वचन होतं की हा कागद आमच्या कचेरीत आणा, मागाल तेव्हा तेवढे रुपये मोजून देऊ.

आणि ती कचेरी मुंबईत. धुळ्याच्या किंवा एरंडोलच्या माणसाने काय करायचं? बँकेपासून जितकं लांब जावं तितकी नोट अंगठ्याखाली घासून पाहिली जायची. ती घेणारा सराफ मुंबईपर्यंतचा प्रवास, वाटेवरची जोखीम आणि बँकेबद्दलची शंका मनात मोजून बट्टा, म्हणजे नोटेच्या किमतीतून तूट, कापणार. म्हणून खानदेशात नोटेला मुळात फारशी जागाच नव्हती. इथे चालायची चांदी. चांदवडी रुपया, पुढे कंपनीचा कलदार, अजिंठ्याच्या घाटापलीकडे निजामाचा हाली सिक्का. आणि मोठी रक्कम लांब पाठवायची तर हुंडी, म्हणजे तिकडच्या पेढीने पैसे मोजावेत अशी सावकाराची चिठ्ठी. दाखवताक्षणी पैसे मोजायचे ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मोजायचे ती मुदती. हुंडी वाटेत हरवली तर दुसरी लिहून द्यायची ती पेठ, तीही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झाले की ती हुंडी खोखा होऊन वहीला टाचून ठेवायची. या सगळ्याची हुंडणावळ, म्हणजे हुंडीचं शुल्क, ठरलेली असे. हुंडी सकारली नाही, म्हणजे तिचे पैसे मोजले नाहीत, तर सावकाराची पत त्याच दिवशी गेली. दिवाळं काढणाऱ्याने भरदिवसा पेढीवर दिवा लावून बसायचं, त्यावरूनच तो शब्द आला, असं जुनी माणसं सांगतात. शब्दाची व्युत्पत्ती खरी असो नसो, त्यामागचा व्यवहार मात्र स्पष्ट आहे : ज्याच्या कागदावर लोकांचा पैसा, त्याचं घर, शेत, नाव सगळं त्या कागदामागे उभं.

या पद्धतीचे मला फार गोडवे गायचे नाहीत. त्याच सावकाराच्या वहीत शेतकऱ्याची पिढ्यानपिढ्यांची जमीन गेली. पण नोट असो, हुंडी असो की नानांची पावती असो, कागद एका जातीचा आहे. मी आज तुला रुपये देतो, तू मला वचन लिहून देतोस. म्हणून नानांची पावती रुपयाला तीस पैशांनी गेली तेव्हा मला ती आधुनिक अर्थव्यवस्थेतली दुर्मीळ घटना वाटेना. बुडालेल्या खासगी बँकेच्या नोटेचं बाजारात जे होत असे तेच झालं होतं. एकोणिसाव्या शतकात ज्याला बट्टा म्हणत, तो एकविसाव्या शतकात आमच्या ओटीवर चहा पिऊन गेला.

मुंबईच्या बँकेचं पुढे काय झालं, ते खानदेशच्या माणसाने नीट वाचायला हवं, कारण त्यात आपला कापूस आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतली बंदरं अडली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना इथल्या कापसाशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्याच सुमारास जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे थळघाट चढून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असं करत पुढे आली. जळगाव त्याआधी काही मोठं गाव नव्हतं. कापूस आणि रेल्वे या दोघांनी त्याला शहर केलं. कापसाच्या भावाने मुंबईत चांदीचा पूर आला आणि पूर आला की गाळ येतोच. रोज नव्या कंपन्या, नव्या बँका. बॅक बे भागात समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. बँक ऑफ बॉम्बेच्या मूळ सनदेत कर्ज कशावर द्यायचं याचे कडक निर्बंध होते. १८६३ च्या कायद्याने ते सैल झाले आणि बँक असल्या कंपन्यांच्या भागांवर कर्जं वाटत सुटली. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण गेला, कापसाचा भाव कोसळला आणि मुंबईतला सगळा डोलारा त्याच्यामागे. बँकेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला भाग ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये बँक मोडावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली. चौकशीला सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यांनी जे दोष दाखवले, त्यांत सैल केलेली सनद, ओळखीपाळखीवर दिलेली कर्जं आणि डोळे मिटून बसलेले संचालक होते. आमच्या पतसंस्थेचं नुकसान कुणामुळे झालं हे ठरवणाऱ्या, सहकार कायद्याच्या कलम ८८ च्या चौकशीचा अहवाल मी वाचला आहे. त्यात टाऊन हॉलचं चित्र नाही, बाकी फारसा फरक नाही.

एवढं होऊनही मुंबई बँकेच्या नोटा घरात ठेवलेल्या माणसावर घाला पडला नाही. कारण त्याच्या थोडं आधी, १८६१ च्या कागदी चलनाच्या कायद्याने, नोट काढण्याचा हक्क बँकांकडून काढून घेतला होता. कल्पना अर्थमंत्री जेम्स विल्सन यांची. ते १८६० मध्येच वारले, कायदा त्यांच्यानंतर आला. १८६२ पासून नोट सरकारची झाली, आणि महत्त्वाचं म्हणजे तिच्यामागे काय असावं हेही कायद्यात लिहिलं गेलं. ४ कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांमागे सरकारी रोखे चालतील. त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे तेवढीच चांदी-नाणी तिजोरीत पाहिजेत. बँक बुडाली तेव्हा भागधारक बुडाला, सट्टेबाज बुडाला. चलन टिकलं.

ज्या युद्धाने आपला कापूस सोन्याच्या भावाने विकला, त्याच युद्धाच्या काळात अमेरिकेनेही हाच प्रश्न सोडवला. तिथे तोवर हजारावर बँकांच्या हजारो तऱ्हेच्या नोटा चालत. कुठल्या बँकेच्या नोटेला किती बट्टा कापायचा आणि कुठली नोट बनावट, याची छापील पत्रकं दुकानदार गल्ल्याशेजारी ठेवत. १८६३ च्या राष्ट्रीय बँक कायद्याने आणि १८६५ मध्ये राज्यांच्या बँकांच्या नोटांवर लावलेल्या १० टक्के कराने तो बाजार मोडला.

आता कुणी म्हणेल, खासगी नोटा सगळीकडेच बुडाल्या असं नाही. बरोबर. स्कॉटलंडमध्ये आजही तीन बँका स्वतःच्या नोटा काढतात आणि तिथल्या माणसाला त्याचा अभिमान आहे. पण त्या नोटा चालतात कशाच्या जोरावर? जितक्या नोटा बाहेर तितकी मालमत्ता, बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांच्या वा ठेवीच्या रूपात, वेगळी राखून ठेवण्याची सक्ती आहे. बँक बुडाली तर तो राखीव पैसा फक्त नोटधारकांचा. म्हणजे कागद कुणी छापला हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्यामागे काय ठेवलंय आणि ते कोण मोजून बघतं, यावर सगळं अवलंबून.

आपल्या नोटांच्या इतिहासातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सरकारी झाल्यावरही कितीतरी वर्षं नोटा मंडळांत, म्हणजे ठरवून दिलेल्या विभागांत, वाटलेल्या होत्या. मुंबई मंडळाची नोट मुंबई मंडळातच कायदेशीर. कलकत्त्यात ती चालवून घेण्याची सक्ती नव्हती. १९०३ मध्ये पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश सोडून देशभर चालू लागली, १९१०-११ मध्ये दहा, पन्नास आणि शंभराच्या नोटांना तीच मोकळीक मिळाली. त्या काळात व्यापारी मोठी नोट मधोमध कापून अर्धी एका टपालाने पाठवत. पोचल्याचं पत्र आलं की उरलेली अर्धी दुसऱ्या टपालाने. वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धा कागद. नानांची ऐंशी हजारांची पावती पाहिली की मला त्या अर्ध्या नोटेची आठवण येते. दुसरी अर्धी ज्यांच्याकडे होती त्यांनी ती पाठवलीच नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. १८६१ मध्ये राज्याने ठरवलं की नोटेवर विश्वास ठेवणाऱ्या साध्या माणसाला बँकेच्या बऱ्यावाईटाची जोखीम घ्यायला लावायची नाही. बरोबर शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, ठेवीबद्दल तेच ठरलं. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, देशभर ठेवीदार हादरले आणि ठेव विमा महामंडळाचा कायदा आला. १ जानेवारी १९६२ पासून महामंडळ सुरू झालं. सुरुवातीला संरक्षण माणशी १,५०० रुपयांचं होतं. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांना दार उघडलं. १९९३ पासून मर्यादा एक लाख झाली, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख. २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम ठेवीदाराच्या हाती पडण्याची सोय झाली. आज कुठली नागरी सहकारी बँक अडचणीत आली तर पाच लाखांच्या आतला ठेवीदार हळहळतो, पण देशोधडीला लागत नाही. हे मोठं काम झालं आहे आणि ज्यांनी केलं त्यांचे आभार मानले पाहिजेत.

पतसंस्था मात्र या छपराबाहेर आहे. कायद्याने ती बँक नाही, बँक हा शब्द नावात लावायची तिला परवानगी नाही, रिझर्व्ह बँकेचं तिच्यावर नियंत्रण नाही, म्हणून विमाही नाही. ती सहकार खात्याची. आणि बहुराज्य म्हणून नोंदवली की राज्याच्या खात्याचीही नाही, थेट दिल्लीच्या निबंधकाची. कागदोपत्री हा भेद फार स्वच्छ दिसतो. पण पारोळ्याच्या बाजारपेठेत भाजी विकणाऱ्या बाईला पिग्मी एजंट रोज संध्याकाळी वीस रुपये मागतो तेव्हा कुठे दिसतो? तिला काचेचं काउंटर, पासबुक, शिक्का आणि ओळखीचा चेहरा दिसतो. १८५० साली मुंबईच्या बँकेची नोट हाती आलेल्या माणसालाही टाऊन हॉलचं चित्रच दिसत होतं.

यावर तीन उत्तरं मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. पहिलं असं, की पतसंस्था सभासदांची, नफ्यातोट्याचे धनी तेच. मग नानांसारख्यांना नाममात्र सभासद करून का घेतलं? नाममात्र सभासदाला मत नाही, सर्वसाधारण सभेत आवाज नाही, लाभांश नाही. १८६८ मध्ये बुडायची पाळी भागधारकाची होती, कारण नफा तोच घेत होता. इथे नफ्यात वाटा नसलेल्याने तोटा भरावा असा न्याय लावला जातो.

दुसरं उत्तर लोभाचं. दोन टक्के जास्त व्याजासाठी गेले, भोगा म्हणावं. हे ऐकलं की माझा संताप होतो. काही जण दामदुप्पटीला भुलले, खरं आहे. पण बहुतेकांना सरकारी बँकेने दारात उभं केलं नव्हतं. शाखा बारा कोसांवर, तिथे अर्ज इंग्रजीत, कर्ज मागायला गेलं तर दहा फेऱ्या. पतसंस्थेने शेतकऱ्याला बियाण्यासाठी, मुलीच्या लग्नासाठी, टपरीसाठी चार दिवसांत पैसे दिले. खानदेशात पतसंस्थांनी खरोखर उपयोगाचं काम केलं आहे आणि ज्या नीट चालल्या त्या अजूनही करताहेत. म्हणूनच त्या मरू नयेत, असं मला वाटतं.

तिसरं उत्तर गंभीर आहे आणि त्याला वळसा घालून चालणार नाही. ठेवींना विमा दिला की संचालक बेफिकीर होतील, ठेवीदारही चौकशी करणार नाही. सगळं विम्यावर सोडून देतील. मुद्दा खरा आहे. पण १८६१ चा कायदा पुन्हा बघा. त्याने नोटधारकाला निर्धास्त केलं, आणि त्याच वेळी नोट काढणाऱ्या सरकारचे हातही ४ कोटींच्या रेषेने बांधले. संरक्षण आणि शिस्त एकाच कायद्यातून आली. पतसंस्थांच्या ठेवींना विमा द्यायचा तर तोही तसाच द्यावा लागेल. हप्ता संस्थेने भरायचा. बँकांसाठी २०२० मध्ये तो वर्षाला शंभर रुपयांमागे बारा पैसे ठरला. पतसंस्थेची जोखीम जास्त असेल तर पंचवीस पैसे घ्या, पन्नास घ्या. लेखापरीक्षक संस्थेने निवडायचा नाही, विमा देणाऱ्याने पाठवायचा. संचालकांना आणि त्यांच्या नातलगांना दिलेल्या कर्जांची यादी दर तिमाहीला नोटीस बोर्डावर मराठीत लागली पाहिजे. जिला हे परवडत नाही त्या संस्थेने बाहेरच्यांच्या ठेवी घेऊ नयेत, फक्त मतदार सभासदांपुरता कारभार करावा.

सध्या जे आहे ते बहुतेक बुडाल्यानंतरचं आहे. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा मालमत्ता जप्त करतो, कलम ८८ जबाबदारी ठरवतं, संस्था गुंडाळायला अवसायक नेमला जातो, कलम १०१ चे वसुलीचे दाखले निघतात. प्रत्येक टप्प्याला वर्षं जातात. जप्त इमारतीचा लिलाव होईपर्यंत तिचा गिलावा पडतो. आणि या सगळ्या वर्षांत पावतीचा भाव रोज खाली येत राहतो, कारण आजारपण आणि लग्न अवसायकासाठी थांबत नाही. पावत्यांची खरेदी करणाऱ्याला ही दिरंगाईच हवी असते. निदान एवढं तर उद्यापासून करता येईल, की अडचणीतल्या संस्थेची पावती दुसऱ्याच्या कर्जात वळती करायला पूर्ण बंदी घालायची. कर्जदाराने कर्ज रोखीनेच फेडायचं. हे केलं असतं तर नानांची पावती कुणी तीस पैशांनाही मागितली नसती, हे मला माहीत आहे. पण कर्जदारांनी रोख भरली असती तर संस्थेच्या तिजोरीत सगळ्यांनाच चाळीस-पन्नास पैसे तरी द्यायला पैसा आला असता, आणि ते रांगेतल्या त्या आजीलाही मिळाले असते.

विमा यायला वेळ लागेल. केंद्र म्हणेल सहकार राज्याचा विषय, राज्य म्हणेल ठेव विमा केंद्राचा. तोपर्यंत एक गोष्ट शासनाच्या एका आदेशाने होऊ शकते. प्रत्येक पतसंस्थेच्या ठेव पावतीवर आणि पासबुकाच्या पहिल्या पानावर, संस्थेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापावं : 'या ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण नाही.' नानांची पावती काल पुन्हा पेटीतून काढून पाहिली. संस्थेचं नाव निळ्या ठळक अक्षरांत आहे, त्याखाली देवाचं चित्र, मग नोंदणी क्रमांक. मागच्या बाजूला बारा नियम आहेत. भिंग लावून सगळे वाचले, त्यात हे वाक्य नाही.